बसल्या जागी जगाची हालचाल मोजण्याविषयी चार शब्द

लाखभर माणसांची शारीरिक हालचाल मोजायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर माणसं दिवसभर काय करतात हे पाहायला चुकूनही जाऊ नका. गेलात की फसलात. माणसं कडेवर पोर घेऊन जिना चढतात, पलंगाखाली हात घालून चप्पल शोधतात, बस सुटेल म्हणून पन्नास पावलं पळतात आणि मग धापा टाकत उभी राहतात. यातलं काहीही कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. तेव्हा खुर्ची सोडू नका, प्रश्नावली पाठवा.

ती नव्याने घडवायचीही गरज नाही. १२ देशांत तपासून पाहिलेली आणि २००३ साली तिचे निकाल छापून आलेली आंतरराष्ट्रीय प्रश्नावली तयारच आहे. मागच्या ७ दिवसांत मध्यम श्रमाचं काम किती दिवस केलंत आणि अशा दिवशी साधारण किती वेळ, एवढं विचारायचं. चालणं वेगळं विचारायचं. आणि सलग किमान १० मिनिटं केलेलंच धरायचं. मग समोरून उत्तरं येतात ती अशी:

"मध्यम श्रम म्हणजे?"

"श्वास नेहमीपेक्षा थोडा जोरात चालतो, असं काम, ताई."

"जिना चढताना चालतो की. पण तो दोन मिनिटांचा."

"मग तो नाही धरायचा."

"फरशी पुसताना?"

"सलग दहा मिनिटं पुसता?"

"सलग कुठलं हो! मधेच पोरगं रडतं, उठावं लागतं."

"मग शून्य लिहू?"

"शून्य कसं? काम करतेच की रोज. लिहा अर्धा तास."

या अर्ध्या तासाचं सोनं करायचं कसब तुमच्याकडे हवं. मध्यम श्रमाला ४ मेट, म्हणून तिसाला चारने गुणा. १२० झाले. रोजचं काम आहे म्हणाली, म्हणून सातने गुणा. आठवड्याला ८४० मेट-मिनिटं! अंदाजपंचे सांगितलेला अर्धा तास आता शास्त्रीय दिसू लागला. मेट म्हणजे काय असं कोणी विचारलंच तर सांगा, स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू घेतं, तो १ मेट. आजीबाई असो की विशीतला पोहणारा, हिशेब सर्वांना एकच. समतेचं तत्त्व इतकं काटेकोर इतरत्र पाळलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

गुणाकाराआधी एक काम मात्र विसरू नका, ते म्हणजे छाटणी. एका प्रकारच्या श्रमाला दिवसाचे जास्तीत जास्त १८० मिनिटं द्यायचे, असा या प्रश्नावलीच्या गुणांकनाचा नियम आहे. आठ तास ओझी वाहणारा हमाल तुमच्या कागदावर तीन तासांनी खाली बसतो. खरोखर त्याने काय केलं हा त्याचा खाजगी प्रश्न. आणि एकूण बेरीज १६ तासांच्या वर सांगणाऱ्याला सरळ यादीतून काढायचं. तो खोटं बोलतो किंवा फार गरीब आहे, दोन्ही बाबतींत आलेख बिघडवतो. १० मिनिटांच्या अटीची मात्र थोडी पंचाईत झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून ती अट काढून टाकली. म्हणजे जिन्यावरची ती दोन मिनिटं त्या वर्षापासून शरीराला लागू पडू लागली.

प्रश्नावलीवर विश्वास नसेल तर यंत्र बांधा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००३ पासून लोकांच्या कमरेला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारी छोटी यंत्रं, बांधली. स्वतःच्या तोंडाने बऱ्यापैकी चपळ असलेल्या त्या देशात शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ यंत्राच्या मते ५ टक्केही निघाले नाहीत. घाबरू नका. कमरेच्या यंत्राला सायकल धड कळत नाही, डोक्यावरचं ओझं कळत नाही, आणि पोहताना ते काढून ठेवलेलं असतं. सलग तासभर शून्य नोंद आली की यंत्र काढून ठेवलं होतं असं धरायचं. एखादा खरंच तासभर पुतळ्यासारखा बसला असेल तर तो तेवढा वेळ तुमच्या अभ्यासात अस्तित्वातच नसतो.

मग उरते सीमारेषा. यंत्र हालचाल ज्या आकड्यांत नोंदवतं त्यांना काउंट म्हणतात; मिनिटाला किती काउंट आले की श्रम मध्यम म्हणायचे? एक मत १९५२, दुसरं २०२०. ही इसवी सनं नव्हेत, काउंटच आहेत. पहिला आकडा ५० प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून १९९८ साली काढला. ट्रेडमिलवर कोणी फरशी पुसत नाही, पण तेवढ्यासाठी अडून राहिलात तर प्रबंध व्हायचा कधी? दोन्ही आकड्यांनी हिशेब करून पाहा आणि जो निष्कर्ष अधिक शोभेल तो पहिल्या तक्त्यात ठेवा.

याहून झोकात करायचं असेल तर ब्रिटनच्या यूके बायोबँक या भल्यामोठ्या आरोग्य-अभ्यासाकडे पाहा. २०१३ ते २०१५ मध्ये तिथे लाखभर लोकांनी आठवडाभर मनगटी यंत्र घातलं. सेकंदाला १०० नोंदी, म्हणजे माणशी आठवड्याला ६ कोटींवर. या ६ कोटींची सरासरी काढली की हाती येतो एक आकडा, आणि त्या एका आठवड्याच्या आकड्यावर पुढच्या कित्येक वर्षांचं हृदय, मेंदू आणि मरण बेतता येतं. तो आठवडा पावसाचा होता की सर्दीचा, असलं विचारत बसायचं नसतं. बायोबँकेने ज्यांना बोलावलं त्यांतले साडेपाच टक्केच लोक मुळात आले होते, आणि आलेले सर्वसाधारण जनतेपेक्षा धडधाकट होते. आजाऱ्यांना यायला जमलं नाही. त्यामुळे विदा कशी स्वच्छ राहते!

आता वाईट संगतीचं एक उदाहरण सांगून ठेवतो. लंडनचे जेरी मॉरिस, रोग कोणाला आणि का होतात याचे अभ्यासक. त्यांच्याकडे ना पट्टा, ना मेट. दुमजली बसचा चालक दिवसभर बसतो आणि कंडक्टर जिने चढतो-उतरतो, एवढ्या एका फरकावर त्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. इथे थांबायचं की नाही? पण १९५६ मध्ये हे गृहस्थ गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढून बसले. चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद निघाल्या. म्हणजे जिन्यांनी कंडक्टरांना वाचवलं, की मुळातच स्थूल माणसं चालकाच्या आसनावर गेली, हा घोळ त्यांनी स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाच्या मागे आपल्या हाताने लावून दिला. अशा माणसाला आपल्या चमूत अजिबात घेऊ नका. विजारी मोजत बसेल, आणि अनुदानाच्या अर्जाची मुदत निघून जाईल.