व्हॉट्सॲपवर बंदी नको, उत्तर देणारा माणूस हवा

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. तेव्हापासून भारतातल्या डॉक्टर मित्रांशी बोलताना एकच वाद ऐकू येतो: दवाखान्यातले कॅमेरे आणि व्हॉट्सॲप बंद करा, की चाललंय ते चालू द्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मला या दोन्ही बाजू पटत नाहीत.

तालुक्याच्या डॉक्टरने छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर जीव वाचू शकतो. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे दुरून सल्ला-उपचार) मार्गदर्शक सूचनांनीही हे मान्य केलं आहे. पण त्या फोटोत रुग्णाचा मोबाइल नंबर आणि पत्ता कशाला? आणि काम झाल्यावरही तो डॉक्टरांच्या फोनमध्ये घरच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं का पडून राहावा?

इथे ब्रिटनमध्येही सगळं आलबेल नाही. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या स्कॉटलंडमधल्या एनएचएस लॅनर्कशायर या संस्थेच्या २६ कर्मचाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२० ते २०२२ या काळात पाचशेहून जास्त वेळा रुग्णांची माहिती टाकली गेली. बाहेरचा एक माणूसही चुकून ग्रुपमध्ये घेतला गेला होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या इथल्या माहिती आयुक्तांनी २०२३ मध्ये ठपका ठेवला, दंड केला नाही. मला ते फारच सौम्य वाटलं. तरी किती जण, किती वेळा, काय काय टाकलं, हे सगळं जाहीर झालं. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या ग्रुपवर काय जातं हे बघायचं काम कुणाचं?

इथे त्यासाठी पद आहे. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेवर मानसोपचारतज्ज्ञ फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७ मध्ये दिलेल्या अहवालानंतर एनएचएसच्या संस्थांमध्ये ‘कॅल्डिकॉट गार्डियन’ नेमले गेले. रुग्णाची माहिती कुणाला, किती आणि कशासाठी द्यायची, यावर संस्थेत शेवटचा सल्ला या वरिष्ठ व्यक्तीचा. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. जिल्हा रुग्णालयातही एखाद्या वरिष्ठ डॉक्टरकडे हे काम सोपवता येईल, फक्त ‘हे पाठवायचं नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना खरोखर हवा.

डॉक्टरांनी रुग्णांच्या रील्स टाकण्याबद्दल मात्र मी कडक आहे. उपचारासाठी फोटो काढायला दिलेली संमती म्हणजे तो जगाला दाखवायची संमती नव्हे. त्यासाठी वेगळं विचारावं लागतं. ज्याच्या हाती उपचार आहेत त्यानेच कॅमेरा रोखून विचारलं, तर ‘नको’ म्हणायची हिंमत किती जणांना होईल? याउलट, डॉक्टर काय सांगतात ते रुग्णाने स्वतःसाठी रेकॉर्ड करणं इथे कायदेशीर आहे. घाबरलेल्या माणसाच्या अर्ध्या सूचना लक्षात राहत नाहीत, त्याला त्याचा फार उपयोग होतो. नातेवाइकांचे मोबाइल सरसकट काढून घ्या म्हणणाऱ्यांनी एवढा फरक करावा. वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाचं चित्रण मात्र कुणीच करू नये.

आणि सगळ्यात जास्त खुपतो तो आपला नवा कायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. निष्काळजीपणाने नुकसान झालेल्याला भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३अ वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त संवेदनशील दर्जाही त्यात नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही आहे. राजकोटसारख्या प्रकरणातल्या बाईला उद्या या कायद्याखाली स्वतःसाठी काय मागता येईल? भरपाईची अशी तरतूद कायद्यात ठेवा, ही मागणी रुग्णांच्या आधी डॉक्टरांच्या संघटनांनी करायला हवी.