दीड हजाराची मेंबरशिप अन् चोपड्यातला हिशोब

खताच्या दुकानातलं लिंकिंग आपल्या खान्देशात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. युरियाची गोणी पाहिजे ना, मग सोबत ही बाटली घ्या, हे पाकीट घ्या, नाहीतर युरिया संपला. कायद्याने बंदी आहे तरी ऐन हंगामात चालतंच, अन् आपण मुकाट्याने घेतो कारण पीक थांबत नाही. आता अ‍ॅमेझॉन प्राइमचे, म्हणजे फ्री डिलिव्हरी अन् व्हिडिओ एकत्र देणाऱ्या मेंबरशिपचे, वर्षाचे १४९९ भरायची वेळ आली तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय, की बाई हे पण लिंकिंगच झालं, फक्त इथे युरिया कोणता अन् बाटली कोणती हेच कळत नाही. डिलिव्हरीसाठी व्हिडिओ घेतोय का व्हिडिओसाठी डिलिव्हरी? घरात विचारलं तर हे म्हणतात डिलिव्हरी, पोरगा म्हणतो व्हिडिओ, अन् दोघं मिळून म्हणतात मग राहू दे ना, दोन्ही कामाचं आहे. असंच दरवर्षी राहू दे होतं.

म्हणून या वेळी मी म्हटलं दोन्ही वेगळं करून बघू. समजा व्हिडिओ नसताच तर नुसत्या डिलिव्हरीचे आपण किती दिले असते, अन् डिलिव्हरी नसती तर नुसत्या पिक्चरचे किती. दोन आकडे काढायचे अन् बेरीज १४९९ च्या वर जाते का ते बघायचं, एवढं सोपं.

आधी भाव बघा कसा चढलाय. २०१६ च्या जुलैत हे आपल्याकडे आलं तेव्हा सुरुवातीची ऑफर म्हणून वर्षाला ४९९ घेत होते. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिडिओ सुरू झाला. मग ९९९ झालं, अन् डिसेंबर २०२१ पासून १४९९. महिन्याचं १२९ होतं ते १७९ झालं, अन् एप्रिल २०२३ पासून थेट २९९. वर जून २०२५ पासून व्हिडिओत जाहिराती आल्या, त्या नको असतील तर वर्षाला ६९९ नाहीतर महिन्याला १२९ अजून द्या. म्हणजे ज्या १२९ मध्ये एकेकाळी महिन्याची अख्खी मेंबरशिप यायची, तेवढेच आता नुसती जाहिरात बंद करायला मागतात. काय भो!

आता डिलिव्हरी. माझी नणंद पुण्यात राहते, तिच्याकडे सकाळी मागवलं की संध्याकाळी बेल वाजते, कधीकधी तर कुकर व्हायच्या आत सामान दारात असतं असं ती सांगते. आता यात थोडं तिखटमीठ धरा, पण खोटं नसावं. तिचे पण १४९९ अन् आमचे पण १४९९. इथे चोपड्याला वस्तू आधी जळगावला येणार, मग विदगाव-धानोरा-अडावद करत इकडे येणार. कंपनीला मी दोष देत नाही, अंतर आहे ते आहेच, तापी काही कोणी उचलून बाजूला ठेवणार नाही. पण मग उद्याच मिळेल या गोष्टीचे पैसे आपण पुण्याच्या भावाने का मोजायचे? आमच्याकडे मेंबरशिप असली काय नसली काय, एखाद्या दिवसाचा फरक पडतो, अन् खरं सांगायचं तर एखाद्या दिवसाने आमचं काही अडत पण नाही. ज्याने अडतं ते आपण बाजारात जाऊन आणतोच की.

अन् दारापर्यंत हा शब्द पण जरा जपून. खेड्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीला फोन येतो, ताई तुमचं पार्सल आलंय, फाट्यावर या. कोणत्या कुरिअरचा पोरगा असतो ते जाऊ द्या, त्याच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी थैल्या लटकलेल्या असतात, मे महिन्याच्या उन्हात डोक्याला उपरणं बांधून फिरतो, त्याला तरी काय बोलणार. पण फाट्यापर्यंत जायला गाडीत पेट्रोल आपलं, हे कुठल्याच फ्री डिलिव्हरीत धरलेलं नसतं.

मग मी एका संध्याकाळी यांचा मोबाईल घेऊन ओट्यावर बसले अन् मागच्या वर्षीच्या ऑर्डरी खालपर्यंत बघत गेले. तुम्ही पण बघा, फार करमणूक होते. मिक्सरच्या भांड्याचं कपलर. सासूबाईंच्या गुडघ्याची पट्टी. मोबाईलचं कव्हर. परत मोबाईलचं कव्हर (पहिलं कॅमेऱ्यापाशी बसलं नाही). पोराची नीटची पुस्तकं. फवारणी पंपाचे नोझल. कढईचं काचेचं झाकण, जे आमच्या एकाही कढईवर बसत नाही अन् आता पापड झाकायला वापरतो. एक डोक्याला लावायचा लाइट, शेतात रात्री पाणी भरायला, हा मात्र एक नंबर निघाला, थ्री फेजची लाइन रात्रीच येते त्यामुळे तो रोज वापरात आहे.

यात गंमत कळली का? पुस्तकांसारख्या मोठ्या ऑर्डरी अशा पण फ्रीच आल्या असत्या, कारण साधारण ४९९ च्या वर ऑर्डर गेली की मेंबर नसलेल्याला पण बऱ्याच वस्तूंना डिलिव्हरी लागत नाही. राहिल्या बारीकसारीक, शंभर-दोनशेच्या. त्यांच्यावर दर वेळी चाळीस-पन्नास रुपये वाचले असं धरू. पण त्यातलं कपलर आपल्या मेन रोडला भांडी रिपेअरवाल्याकडे मिळतं, तो तर बसवून पण देतो. नोझल कृषी केंद्रात मिळतात. मेंबरशिप आहे, डिलिव्हरी फ्री आहे, म्हणून बोट पटकन दाबलं जातं एवढंच. कव्हर दोनदा मागवलं गेलं ते फ्री होतं म्हणूनच, चाळीस रुपये द्यायचे असते तर यांनी आधी मॉडेल नंबर नीट वाचला असता!

नाही म्हणायला एक गोष्ट मान्य. चोपडा, पारोळा, धरणगाव असल्या गावांना ऑनलाइनचा खरा फायदा पुणे-मुंबईपेक्षा जास्त आहे, कारण आमच्याकडे मिळत नाही ते मिळतं. पूर्वी पोराच्या एका पुस्तकासाठी जळगावला जावं लागायचं, दुकानदार म्हणणार संपलंय, सोमवारी या. ते दिवस मला परत नको. पण तो फायदा ऑनलाइन दुकानाचा झाला, मेंबरशिपचा नाही. पुस्तक मेंबर नसलेल्याला पण येतंच, जरा उशिरा येतं.

यांचा मुद्दा असतो क्रेडिट कार्डाचा. अ‍ॅमेझॉनचं आयसीआयसीआयचं कार्ड आहे, त्यावर प्राइमवाल्याला तिथल्या खरेदीवर पाच टक्के परत मिळतात. बरोबर आहे, पण मेंबर नसलेल्याला पण तीन टक्के मिळतात ना. फरक दोन टक्क्यांचा. दोन टक्क्यातून १४९९ वसूल करायचे तर वर्षाला पाऊण लाखाची खरेदी करावी लागेल. मी हे आकडे मांडले तेव्हा हे म्हणाले, टीव्ही घेतला की होतील की पाऊण लाख. यावर मी काय बोलणार, चहा ठेवायला उठले.

तर डिलिव्हरीची किंमत आमच्या घरापुरती मी फार तर चारशे धरते. योगायोग बघा, कंपनीने स्वतःच व्हिडिओ नसलेलं, नुसतं शॉपिंगचं प्लॅन काढलं तेव्हा त्याचा भाव ३९९ ठेवला. त्यांनाही माहितीये युरियाची खरी किंमत किती ते.

म्हणजे उरलेले अकराशे व्हिडिओचे. अन् आमच्या टीव्हीवर लागतं काय? सासूबाई दुपारी हरिपाठ अन् कीर्तन ऐकतात, यूट्यूबवर. संध्याकाळी अहिराणी गाणी, यूट्यूबवर. पोरं मालेगावकडच्या त्या कॉमेड्या बघून गडाबडा लोळतात, त्या पण यूट्यूबवर. सगळं फुकट. आपल्या बोलीतलं जे आहे ते जवळपास सगळं तिकडेच आहे, पैसे देऊन घेतलेल्या अ‍ॅपमध्ये अहिराणी शोधून दाखवा. यांना मॅच लागते, आयपीएल जिओहॉटस्टारवर. पोराच्या मित्रांनी सांगितलेली सिरीज निघते नेटफ्लिक्सची. अन् प्राइमवर एखादा पिक्चर सापडला की त्याच्यावर रेंट लिहिलेलं असतं, म्हणजे मेंबर असून त्या पिक्चरचे वेगळे पैसे. हे नवीन माणसाला कळत पण नाही, एकाच पडद्यावर फुकटचं अन् पैशाचं शेजारी शेजारी मांडलेलं असतं.

तरी बघतो आम्ही, नाही असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा माहेरी आल्या होत्या, बाहेर ४४ डिग्री, कूलरमध्ये पाणी टाकून पडदे ओढून सगळ्या हॉलमध्ये आडव्या, अन् मराठी पिक्चर लावला. मध्येच जाहिरात आली. पोरगा चिडला, मम्मी ते ६९९ भरून टाक ना. सासूबाई म्हणाल्या, "कसाले? जाहिरात लागनी का मी कैऱ्या चिरी लेस." अन् खरंच, प्रत्येक जाहिरातीला त्या उठून दोन-दोन कैऱ्या चिरून यायच्या, पिक्चर संपला तेव्हा लोणच्याच्या फोडींचं पातेलं भरलेलं. जाहिरातीचा एवढा चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण अशा दुपारी वर्षात किती येतात? उन्हाळ्याची सुट्टी, आखाजी, थोडं दिवाळीत. पोराची परीक्षा असली की महिना-महिना टीव्ही बंदच. पावसाळ्यात वीज गेली की फायबरचा डबा पण बंद, अन् मोबाईलवर बघायचं तर दिवसाचा दीड जीबी, एचडीत अर्धा-पाऊण तास झाला की संपला. फायबरचे वेगळे जातातच, ३९९ चा प्लॅन म्हणतात, १८ टक्के जीएसटी धरून ४७१ भरतो आम्ही. ते मात्र पोराच्या क्लाससाठी लागतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की वर्षाचं घेऊच नये, लागेल तेव्हा महिन्याचं घ्यावं. २९९ गुणिले पाच केलं तर १४९५ होतात, म्हणजे वर्षातले पाच महिने घेतलं तरी वर्षाच्या प्लॅनपेक्षा चार रुपये कमीच. सहाव्या महिन्यापासून तोटा. आम्हाला दोन महिने पुरतात, एक मे अन् एक दिवाळीच्या सेलचा, झाले ५९८. ज्यांच्याकडे रोज रात्री पिक्चर लागतो अन् आठवड्याला खोकं येतं त्यांनी खुशाल वर्षाचं घ्या, त्यांना स्वस्तच पडेल. ७९९ चं प्राइम लाइट म्हणून स्वस्तातलं प्लॅन पण आहे, पण त्यात व्हिडिओ एकाच डिव्हाइसवर चालतो, आमच्या घरात त्यावरून भांडणं होतील.

फक्त एक काम आठवणीने करा, ऑटोपे बंद करा. महिन्याचं घेतलं अन् ऑटोपे चालू राहिलं तर दर महिन्याला २९९ कटत राहतील, वर्षाचे साडेतीन हजार, म्हणजे सगळी कंजुषी पाण्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, तो येतो पण, पण लोन अन् लॉटरीच्या मेसेजमध्ये तो वाचतं कोण. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नाहीतर मँडेट म्हणून एक ठिकाण असतं, तिथे जाऊन बघा, माझ्या शेजारच्या वहिनींना तिथे एका गाण्याच्या अ‍ॅपचं सापडलं, जे त्यांच्या मुलीने कॉलेजला असताना घेतलं होतं. ती आता सासरी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने अशा फसव्या प्रकारांची यादीच काढली, तेरा प्रकार आहेत, त्यात घेणं सोपं अन् बंद करणं अवघड हा सबस्क्रिप्शनचा सापळा पण आहे. त्यामुळे बंद करायचं बटन सापडत नसेल तर तुम्ही अडाणी आहात असं समजू नका.

आमच्याकडे वर्षाचं रिन्यूअल मी रद्द केलंय. पोरगा दोन दिवस गाल फुगवून होता, मग मित्राकडे जाऊन बघून आला. यांनी एकच अट घातलीये की दिवाळीचा महिना सेलच्या पहिल्या दिवशी सुरू करायचा, आधी नाही, कारण टीव्ही घ्यायचाय. शिरपूर, शहादा, नंदुरबारकडे उद्याचं सामान खरंच उद्या येतं का तेवढं तिकडच्यांनी सांगा, यांना दाखवायचंय.