मॉस्कोजवळ जर्मन फौजेला थंडीने हरवलं? थांबा जरा

हिवाळा आला की हा मेसेज परत फिरायला लागतो, या वर्षी माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. मजकूर साधारण असा: हिटलरला रशियन सैन्याने नाही, थंडीने हरवलं, 1941 मध्ये जर्मन फौज मॉस्कोच्या वेशीवर होती, लढाई जिंकल्यातच जमा होती, तेवढ्यात पारा उणे 50 वर गेला, सैनिकांच्या अंगावर उन्हाळी कपडे, रणगाड्यांची इंजिनं गोठली, नेपोलियनचं झालं तेच झालं, रशियन लोकांना थंडीची सवय होती आणि वरून सायबेरियातून ताजी फौज आली.

आधी खरं आहे ते मान्य करतो. 1941-42 चा हिवाळा भयंकरच होता, डिसेंबरच्या सुरुवातीला पारा उणे 25-30 च्या आसपास होता आणि हिमदंशाने एक लाखाहून जास्त जर्मन सैनिक जायबंदी झाले. त्या हिवाळ्यासाठी नंतर जे मेडल दिलं त्याला जर्मन सैनिकच 'गोठलेल्या मटणाचं मेडल' म्हणायचे. त्यामुळे थंडी नव्हतीच असं मी अजिबात म्हणत नाहीये. (उणे 50 मात्र सोडा, तो आकडा सांगता सांगता वाढत गेलेला आहे.) माझा आक्षेप 'थंडीनेच हरवलं' मधल्या त्या 'च' ला आहे.

'जिंकल्यातच जमा होती'. हे मुळातच चुकीचं आहे आणि बाकी सगळा मेसेज यावरच उभा आहे. 22 जून 1941 ला तीस लाखांहून जास्त जर्मन सैनिक सोव्हिएत सीमा ओलांडून घुसले, हिशोब असा की काही आठवड्यांत सोव्हिएत सैन्य सीमेजवळच संपवायचं. ते संपलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, मॉस्कोच्या वाटेवरच्या स्मोलेन्स्क शहरापाशी जर्मन फौज अडकली, दोन महिने गेले, त्यात तिथून जवळच्या येल्न्याला तर तिला मागे यावं लागलं. जर्मन भूदलाच्या जनरल स्टाफचा (मोहिमा आखणाऱ्या मुख्यालयाचा) प्रमुख फ्रान्झ हाल्डर रोज डायरी लिहायचा, त्यात नोव्हेंबरच्या शेवटी मृत, जखमी, बेपत्ता मिळून आकडा आहे 7 लाख 43 हजार, पूर्वेकडच्या फौजेचा जवळपास चौथा हिस्सा, आणि यात आजारी धरलेले नाहीत. डिसेंबरची ती कुप्रसिद्ध थंडी अजून पडायची होती हो! एवढी माणसं गोळ्यांनी आणि तोफांनी गेली, बर्फाने नाही.

अजून एक तारीख या मेसेजमध्ये कधीच नसते. 28-29 नोव्हेंबरला दक्षिणेत रोस्तोव्ह शहर सोव्हिएत फौजेने लढून परत घेतलं, जर्मन जनरल क्लाइस्टची रणगाडा-सेना मिउस नदीपर्यंत मागे हटली आणि माघारीच्या वादावरून दक्षिणेकडच्या जर्मन फौजांचा प्रमुख फील्ड मार्शल रुंडश्टेटला पदावरून जावं लागलं. मॉस्कोपाशी सोव्हिएत फौजेचा प्रतिहल्ला (5-6 डिसेंबर) व्हायच्या आधीच जर्मन फौज एका ठिकाणी मार खाऊन परतली होती.

'इंजिनं गोठली, कपडे नव्हते'. कपडे का नव्हते, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. थंडीपूर्वी मोहीम संपणार असं वरिष्ठांनी गृहीत धरलं होतं, म्हणून गरम कपड्यांची सोय मागे ताब्यासाठी ठेवायच्या थोड्या डिव्हिजनपुरतीच (डिव्हिजन म्हणजे दहा-पंधरा हजार सैनिकांची तुकडी) केली. नंतर जे कपडे होते ते पोलंडमध्ये स्टेशनांवर पडून राहिले, कारण गाड्या कमी आणि आधी दारूगोळा न्यायचा की पेट्रोल की कोट, यात कोट मागे पडले. गाड्या कमी का? तर रशियन रूळ जर्मन रुळांपेक्षा जवळपास 9 सेंटीमीटर रुंद, ते शेकडो किलोमीटर बदलत जायचं, ट्रक खराब रस्त्यांवर मोडलेले, आणि ज्या फौजेचे आपण फक्त रणगाडे बघतो ती सहा लाख घोडे घेऊन निघाली होती! म्हणजे पुरवठ्याची साखळी थंडीच्या आधीच तुटायला आली होती, थंडीने ते फक्त उघडं पाडलं. रशियात डिसेंबरात थंडी पडते हे कोणालाही माहीत असतं, ती न धरता आखलेली मोहीम ही आखणाऱ्यांची चूक, हवामानाची नाही.

आणि ही गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते, ऑक्टोबरमध्ये पाऊस पडून रस्त्यांचा नुसता चिखल झाला तेव्हा जर्मन सेनापती थंडीची *वाट बघत* होते. जमीन गोठली की रणगाडे चालतील म्हणून. तसंच झालं, नोव्हेंबरच्या मध्यात जमीन कडक झाली आणि त्यांनी मॉस्कोवरचा शेवटचा मोठा हल्ला सुरू केला. तीच थंडी आधी मदतीची आणि नंतर एकटीच गुन्हेगार, असं कसं चालेल.

'रशियन लोकांना सवय होती'. मग 1939-40 च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौज फिनलंडमध्ये घुसली तेव्हा काय झालं? तिथल्या सुओमुस्साल्मी गावापाशी तुलनेने छोट्या फिनिश फौजेने सोव्हिएत डिव्हिजन जंगलात तुकडे तुकडे करून संपवल्या, माणसं गोठून मेली, तीसुद्धा सोव्हिएतच होती. जन्माने कोणी उणे तीसला तयार नसतो. फिनलंडच्या मारातून ते शिकले, फेल्टचे बूट, रजईसारखे शिवलेले कोट, थंडीत चालणारी शस्त्रं यावर काम झालं, म्हणून 1941 ला तयारी बरी होती. तयारीला सवय म्हणणं म्हणजे ज्यांनी ती केली त्यांचं श्रेय काढून घेणं आहे.

शिवाय तोच हिवाळा, तीच थंडी, जानेवारी ते मार्च 1942. स्टालिनने सगळ्या आघाड्यांवर हल्ल्याचा हुकूम दिला आणि मॉस्कोच्या पश्चिमेकडच्या र्‍झेव्ह-व्याझ्मा भागात सोव्हिएत फौजेचं अतोनात नुकसान झालं, जनरल येफ्रेमॉव्हची 33वी सेना व्याझ्माजवळ वेढ्यात सापडली, एप्रिलमध्ये तो स्वतः तिथेच मेला. जर्मन तिथे टिकले, कारण आता ते तटबंदी करून बसले होते आणि सोव्हिएत ताकद जास्तच पसरली होती. थंडीच निकाल लावत असेल तर जानेवारीत तिने पक्ष बदलला का?

नेपोलियनचं थोडक्यात. 1812 च्या जूनमध्ये त्याच्या मुख्य फौजेतले चार लाखांच्या आसपास लोक नेमान नदी ओलांडून गेले आणि सप्टेंबरमध्ये मॉस्कोत शिरताना साधारण एक लाख उरले होते. उन्हाळा, भूक, टायफस, पळून जाणारे, मागे ठाण्यांवर ठेवलेले आणि मॉस्कोच्या अलीकडची बोरोदिनोची लढाई. बर्फ अजून पडलाही नव्हता.

मग ही थंडीची गोष्ट आली कुठून? बरीचशी हरलेल्या जर्मन जनरलांकडून. युद्धानंतर त्यांनी आठवणी लिहिल्या, हाल्डर तर अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी अनेक वर्षं काम करत होता, आणि त्यात दोष हिटलरचा आणि हवामानाचा, आपला नाही. शीतयुद्धात पश्चिमेला ते ऐकायलाही सोयीचं होतं.

राहिली 'सायबेरियातून आलेली फौज'. काही डिव्हिजन अतिपूर्वेकडून खरंच आल्या, उदाहरणार्थ बेलोबोरोदॉव्हच्या हाताखालची 78वी, आणि टोकियोतून सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गेने जपान हल्ला करणार नाही असं कळवलं होतं हेही खरं. पण मॉस्कोकडे येणाऱ्या व्होलोकोलाम्स्कच्या रस्त्यावर रणगाडे अडवणारी जनरल पानफिलॉव्हची 316वी डिव्हिजन सायबेरियात नाही, अल्मा-आटामध्ये (आजचं कझाकस्तानातलं अल्माटी) उभी राहिली होती, कझाक, किरगीझ, रशियन शेतकरी आणि कामगार. मॉस्कोच्या बायका आणि शाळकरी पोरी ऑक्टोबरच्या चिखलात रणगाडेविरोधी खंदक खणत होत्या. जनरल गोलिकॉव्हची 10वी सेना नोव्हेंबरमध्ये पेन्झा शहराकडे राखीव लोकांतून घाईने उभी केलेली, तिच्यात बरेच जण धड प्रशिक्षण न झालेले, आणि 7 डिसेंबरला त्याच लोकांनी मिखाइलॉव्ह हे शहर जर्मनांकडून परत घेतलं. 30 सप्टेंबर ते 5 डिसेंबर या मॉस्कोच्या बचावात सोव्हिएत बाजूचे साडेसहा लाखांवर लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, त्यातले पाच लाखांहून जास्त परत रांगेत आलेच नाहीत. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान हा आकडा तरी त्याला जोडावा.