पदार्थ बंद करणं हा अर्धाच प्रयोग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. एलिमिनेशन डाएट, म्हणजे संशय असलेले पदार्थ काही आठवडे बंद करून मग एकेक परत सुरू करून पाहणं, हा अंदाजपंचे कारभार, त्यात बरं वाटतं ते मनाच्या समजुतीमुळे, आणि एका रक्ततपासणीत शंभरेक पदार्थांचा निकाल मिळत असताना आठवडेच्या आठवडे पथ्य कशाला, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुमच्या बहिणीने वर्षभर गहू आणि दूध सोडलंय. पोट सुधारलं का, हे तिला आजही धड सांगता येत नाही. वजन मात्र उतरलंय.

मनाच्या समजुतीचा मुद्दा आधी घेते, कारण तो बरोबर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली 37 जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. या सगळ्यांना ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोसत नाही अशी खात्री होती आणि सिलिअॅक आजार (ज्यात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यालाच इजा करते) नव्हता. आधी त्यांच्या आहारातली, आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी केली, तेव्हा त्रास कमी झाला. मग कोणाला काय दिलंय हे न सांगता आळीपाळीने जास्त ग्लुटेन, कमी ग्लुटेन आणि ग्लुटेन नसलेला आहार दिला. त्रास तिन्ही वेळा सारखाच वाढला! पुढे 2018 मध्ये नॉर्वेतल्या 59 जणांच्या अभ्यासात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकाने जास्त त्रास झाल्याचं दिसलं. फ्रुक्टान गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही असतं. म्हणजे गहू सोडून बरं वाटणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो, पण त्याने धरलेला आरोपी चुकीचा असू शकतो.

म्हणूनच माझा सगळा जोर पदार्थ परत सुरू करण्यावर आहे. एखादी गोष्ट बंद करून बरं वाटलं, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच काळात बाहेरचं खाणं थांबलेलं असतं, जेवणाच्या वेळा सुधारलेल्या असतात, कदाचित झोपही. बंदीचा काळ दोन ते सहा आठवड्यांचा पुरे. तेवढ्यात काहीच फरक पडला नाही, तर त्या पदार्थांवरचा संशय सोडून नेहमीचं जेवण सुरू करायचं. फरक पडला, तर एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग दोन-तीन दिवस थांबायचं आणि पुढचा घ्यायचा. बाकीचं जेवण तेच ठेवायचं. वहीत त्रासाबरोबर झोप, पाळी, औषधं, ताण हेही लिहायचं. त्रास उलटला तर काही दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा तपासायचा, कारण एकदा दुखलेलं पोट हा पुरावा नव्हे. आणि मनाच्या समजुतीची शंका असेल, तर घरातल्या कोणीतरी तो पदार्थ न सांगता जेवणात मिसळावा. हे फक्त पोटाच्या कुरबुरींसाठी. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं कधीही झालं असेल, तर घरी हा प्रयोग करायचाच नाही, अॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आता ती रक्ततपासणी. अशा याद्या बहुतेक वेळा आयजीजी प्रतिपिंडांवरून (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडींवरून) काढलेल्या असतात. ही प्रतिपिंडं आपण जे खातो त्याच्याशी शरीराची ओळख झाल्याची खूण आहे, म्हणून रोजच्या खाण्यातलेच पदार्थ यादीत लाल रंगात येतात. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच सांगितलं की या तपासणीवरून निदान करू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांचंही तेच मत आहे. दुधाचंच घ्या. लॅक्टोज न पचण्याचं कारण लॅक्टेज हे पाचक द्रव्य कमी पडणं. त्यात प्रतिपिंडांचा संबंधच नाही, मग ती मोजून काय कळणार? त्यासाठी श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणी आहे. तपासण्यांना माझा विरोध नाही. ही तपासणी घेऊन लोक चांगलं अन्न ताटातून काढतात, याचा मला राग येतो.

तुमच्या बहिणीबद्दल मात्र काळजी वाटली. वजन उतरतंय, तेव्हा आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. गहू सोडण्यापूर्वी सिलिअॅकची तपासणी झाली होती का, हे तिला विचारा. नसेल, तर आता केलेली रक्तचाचणी फसवू शकते, कारण ग्लुटेन बंद केल्यावर या चाचणीत मोजली जाणारी प्रतिपिंडं हळूहळू कमी होतात. चाचणीपूर्वी साधारण सहा आठवडे रोज ग्लुटेन खावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. तिला गव्हाची धास्तीच बसली असेल, तर एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 या जनुकांची चाचणी करता येईल का, ते विचारा. त्या चाचणीसाठी गहू खावा लागत नाही, आणि दोन्ही नसतील तर सिलिअॅकची शक्यता जवळपास संपते. मग आहारतज्ज्ञांना सोबत घेऊन ती दूध आणि गहू वेगवेगळे परत सुरू करू शकेल.