कबुलीचं बक्षीस? आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आप्पा, नमस्कार.

ट्रकवाल्याला लुटून, गांजासह पकडलेल्या एका पोऱ्याने जळगावच्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याची शिक्षा कमी झाली, त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर ‘रात्री हायवेवर केळीच्या ट्रकवाल्याला लुटायचं, गांजा विकायचा आणि कोर्टात हात जोडले की शिक्षा अर्धी. हे चोराला बक्षीसच झालं,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचीही केळी सावद्याहून त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे तुमचा संताप मला कळतो.

आधी माझी चूक. लेखात मी या कबुलीला ‘प्ली बार्गेनिंग’, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याची तडजोड, म्हटलं होतं. ते काढून टाकलंय. ती तडजोड २००६ पासून आपल्याकडे आहे, पण ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरतीच. न्याय संहितेच्या ३०९व्या कलमात जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत आणि महामार्गावर सूर्यास्तानंतर केली तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे सौदा होऊच शकत नाही. न्यायाधीशांनी पोऱ्याला विचारलं, कोणाचा दबाव आहे का, शिक्षा होईल हे कळतंय का. तो एवढंच म्हणाला, ‘मन्हं चुकनं, साहेब.’ मग शिक्षेवर दोन्ही वकील बोलले.

कबुलीला किती सूट, याचं कोष्टक आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये पहिल्याच संधीला कबूल केलं तर एक तृतीयांशापर्यंत शिक्षा कमी होते. इथे सगळं न्यायाधीशांच्या विवेकावर. त्यामुळे सारख्याच गुन्ह्याला वेगळ्या कोर्टात वेगळी शिक्षा होते, ही तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

पण ‘अर्धी’ झालेली नाही. लुटीची ४ वर्षं, गांजाची २. खटले दोन होते आणि शिक्षा एकत्र भोगायला कोर्टाने सांगितलेलं नाही, म्हणजे एक संपल्यावर दुसरी. गांजा २ किलो होता. कायद्यात १ किलोपर्यंत ‘अल्प’ प्रमाण, २० किलोच्या वर ‘व्यापारी’. हा मधला, कमाल १० वर्षं. शिरपूरच्या डोंगरात पीक लावणारे याहून कितीतरी मोठे, आणि हा पोहोचवणारा पकडला गेला. हे मला जास्त खुपतं.

आता तो ड्रायव्हर. तो पंजाबचा. खटला चालला असता तर समन्स आलं की गाडी उभी करून जळगावला यायचं, बाकावर दिवसभर बसायचं, तारीख पुढे गेली की परत फिरायचं. शेवटी पिंजऱ्यात उभं राहून ‘अंधारात चेहरा कसा दिसला?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. आणि तो आलाच नसता, तर हा पोऱ्या निर्दोष सुटून तुमच्याच रस्त्यावर दिसला असता. कबुलीने हे सगळं टळलं. त्याची थोडी किंमत शिक्षेत धरली, तर मला ते योग्यच वाटतं.

तुम्हाला वर्षं कमी वाटतात. मला दुसरंच सलतंय. ड्रायव्हरचे १२ हजार गेले. दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या) ३९५व्या कलमात आहे. ती कोणी मागितलीच नाही. निकालपत्र मी दोनदा वाचलं. दंड ५ हजार, आणि त्यातला एक रुपयाही त्याला द्या असं कुठे लिहिलेलं नाही.