रंगाचा बेरंग कसा करावा

पोर्ट्रेट एडिट करायला बसलात? छान. आधी खोलीतला पिवळा दिवा लावा, स्क्रीनचा नाइट मोड चालूच राहू द्या आणि ब्राइटनेस शेवटच्या टोकाला नेऊन ठेवा. मॉनिटर कॅलिब्रेट करणारी, म्हणजे त्याचे रंग मोजूनमापून खरे करणारी माणसं असतात म्हणे, पण त्यांना बहुधा दुसरा उद्योग नसतो. तुमच्या स्क्रीनवर चेहरा पिवळट दिसणार, तुम्ही तो निळ्याकडे ढकलणार आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर तो आत्ताच विहिरीतून काढल्यासारखा दिसणार. कोणी विचारलंच तर म्हणायचं, 'मूड आहे.'

रॉ फाइलच्या, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या मालाच्या, भानगडीत पडू नका. तिच्यात बहुधा १४ बिट असतात, म्हणजे प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या. इतक्या पायऱ्या चढायच्या कोणी? जेपेगमध्ये २५६ मिळतात, त्या पुष्कळ झाल्या. शिवाय व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्याही प्रकाशात पांढरं ते पांढरंच दिसण्याचा हिशेब, चुकला तर तो जेपेगमध्ये मुरलेलाच असतो, त्यामुळे दुरुस्तीचा मोहही होत नाही.

व्हाइट बॅलन्सवरून आठवलं. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: दुपारचं ऊन साधारण ५५००, जुना तारेचा बल्ब २८०० च्या आसपास. तेव्हा माणसाला असं बसवा की एका गालावर खिडकी येईल आणि दुसऱ्यावर बल्ब. मग ऑटोचं बटण दाबा आणि दोन्ही गाल सारखेच चुकलेले पाहून समाधान माना. ग्रे कार्ड नावाचा एक राखाडी तुकडा असतो. तो चेहऱ्याशेजारी धरून एक फोटो काढला की पुढचं सगळं काम एका क्लिकचं. इतकं सोपं काम करून कलाकार म्हणवून घेता येत नाही. त्यापेक्षा सॉफ्टवेअरला पांढरं काय ते दाखवणारा आयड्रॉपर घ्या आणि दातांवर टेकवा. दात मुळातच जरा पिवळसर असतात. सॉफ्टवेअर बिचारं त्यांना पांढरं मानतं आणि पिवळेपणा काढायला सगळ्या चेहऱ्यावर निळं ओततं. हिरवळीवर फोटो काढला असेल तर हनुवटीखाली हिरवी झाक येते. तेवढ्याच जागेपुरता बदल करणारा मास्क लावत बसू नका. टिंटचा, म्हणजे हिरवा आणि मॅजेंटा (जांभळट गुलाबी) तोलणारा, स्लायडर बिनधास्त मॅजेंटाकडे न्या. हनुवटी सुधारेल, कपाळ जांभळं होईल. काहीतरी मिळवायचं तर काहीतरी सोडावं लागतंच.

आता खरी विद्या सांगतो, नारिंगी स्लायडरची. माणूस गोरा असो की काळा, त्याच्या त्वचेचा रंग रंगचक्रावर जवळजवळ एकाच पट्ट्यात पडतो, लाल आणि पिवळ्याच्या मधे. मेलॅनिन आणि त्वचेखालचं रक्त ही दोनच द्रव्यं मुख्यतः तो रंग घडवतात. व्हिडिओवाल्यांच्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या आलेखावर, त्यासाठी एकच रेघ असते आणि तिच्याआसपास सगळी मानवजात रांगेत उभी असते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि गडदपणाचा. एखादा भाबडा यातून असं समजेल की ह्यू, म्हणजे मूळ रंग, त्या रेघेवर आणावा आणि उजळपणा ज्याचा त्याच्यापाशी राहू द्यावा. तुम्ही उलट करा. नारिंगीचा ल्युमिनन्स (उजळपणा) +६०, सॅच्युरेशन (रंगाचा जोर) -४०. बघता बघता माणूस खडूचा होतो. मागचा लाकडी दरवाजाही उजळतो, त्याला काही बोलू नका. दरवाजा नको असेल तर मास्क लावा, पण फक्त चेहऱ्याला. कान, मान आणि हनुवटीखाली टेकवलेला हात तसाच सावळा सोडा. बघणाऱ्याला एका तिकिटात दोन माणसं बघायला मिळतात.

ही काही तुमची एकट्याची प्रतिभा नव्हे, परंपरा जुनी आहे. कोडॅक छपाईच्या लॅबना रंग जुळवण्यासाठी जी नमुना कार्डं देई, त्यांवर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असे. कार्डाचं नावच 'शर्ली' पडलं. तिचा रंग नीट छापला गेला की यंत्र नीट, बाकीच्यांचं त्यांनी बघावं. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आणि २०२२ मध्ये गूगलने त्वचेच्या चक्क १० छटांची मंक स्केल स्वीकारली. दहा! तुमचं एका छटेत भागतंय की.

उरलेलं भराभर. फिके रंग उठवणारा व्हायब्रन्स त्वचेला जपून वागतो, म्हणून सॅच्युरेशनच वापरा. बारकाव्यांना उठाव देणाऱ्या क्लॅरिटीने सुरकुत्या वर काढा आणि मग स्मूदिंगने त्या पुसा. रंध्रं गेली की थांबा. नाकपुड्या जायला लागल्या तर थोडं आधी थांबा.

ही सगळी विद्या मी पहिल्यांदा मावशीच्या फोटोवर चालवली. तिने फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा लावला.

"अरे, बांगड्या माझ्याच आहेत," ती म्हणाली. "पण ही बाई कोण?"

"मावशी, तूच."

"मग माझा रंग परत दे बघू."

मी फाइल उघडली. मूळ जेपेगवरच सेव्ह केलं होतं.