आधी रंग बनवू द्या, चित्र नंतर

मुलांना रंगांची पेटी द्यायला माझा मुळीच विरोध नाही. पण रंग म्हणजे डबीतून निघणारी वस्तू, एवढंच ठाऊक असलेलं मूल मला खरंच बघवत नाही.

हळद पाण्यात कालवून द्या. मूल खुशीत कागदावर फासतं. थोड्या वेळाने बघावं तर हळद वाटीच्या तळाशी बसलेली, आणि कागद वाळला की बोटाला नुसती भुकटी. इथे मोठ्यांनी गप्प राहायचं. "हे का निघतंय?" हे त्यालाच विचारू द्या.

मग खळ करायला घ्या. पाव वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी गार पाणी, गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर ढवळत राहायचं (गॅसपाशी अर्थातच मोठं माणूस). बराच वेळ काहीच होत नाही. मग एकाएकी चमचा जड लागतो, पांढरं पाणी दाट आणि चकचकीत होतं. पिठाचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. गार झालेल्या खळीत हळद मिसळली की ती खाली बसत नाही, कागद धरून राहते. जलरंगात हेच काम डिंक करतो, तैलरंगात जवसाचं तेल. हे हाताने कळलेलं मूल विकतच्या ट्यूबकडेही वेगळ्या नजरेने बघतं.

याच रंगात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकलात तर पिवळ्याचा तांबूस होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा! बिटाचा रस सुरेख दिसतो, पण उन्हात उडतो. उडू द्या. चित्र खिडकीशी लावून रोज बघायला मुलांना आवडतं.

व्हिडिओत दिसतो तसा गुळगुळीत रंग व्हावा म्हणून आईबाबाच सगळं ढवळून देतात, याचा मात्र मला राग येतो. गुठळ्या राहिल्या तर राहू देत की! त्या गुठळीचा ठसाही छान उमटतो.

मातीकामाला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं साधारण वाटीभर पाणी. मळायचं काम पूर्ण मुलांचं. फक्त हा गोळा तोंडात जाणार नाही एवढं बघा, त्यात मीठ फार असतं आणि कच्चं पीठही पोटाला बरं नाही. घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. खळीचे रंग फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा, वास आला की सरळ टाकून द्या.